काठावरची हरळी

रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि पहाट ओल्या कापडासारखी चांदसर तलावावर पसरली होती. डोंगर कुठे संपतात आणि ढग कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. पाण्यातली जुनी दगडी छत्री धुक्यात तरंगल्यासारखी दिसत होती. तिच्या घुमटावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता, स्तोत्र म्हणताना मध्येच डोळा लागलेल्या भटजीसारखा.

रत्नप्रभाबाई निर्माल्याची परडी घेऊन हिरवळीवरून खाली आल्या. पायांखाली हरळी गार, मऊ, एकसारखी कापलेली. बंगल्याच्या ओट्यापासून थेट तलावाच्या दगडी पायरीपर्यंत तिचा गालिचा होता. शेवटच्या पायरीवर त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

कालची फुलं गेली नव्हती. कण्हेर, तगर, बेलाची पानं, सगळं हिरव्या दाट सायीत अडकून पायरीला चिकटलं होतं. त्यांच्यामध्ये एक मासा होता. पांढरं पोट वर, तोंड उघडं, आणि तोंडापाशी कण्हेरीचं पिवळं फूल. थोडं पलीकडे आणखी मासे दिसत होते. ते मोजायला त्यांचं मन धजेना.

"कृष्णामाई," त्या हळूच म्हणाल्या. सांगलीची नदी सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण पाण्याला दुसरं नाव त्यांच्या तोंडी येत नसे. हात सवयीनं पुढे झाला, परडी कलली आणि आजचं निर्माल्य कालच्यावर जाऊन पडलं. ते बुडालं नाही. जागचं हललंही नाही.

वर ओट्यावर मेजर सदाशिवराव चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे पाहत होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर सगळे पुण्याला गेले, हे मात्र जयपुरातच राहिले, शहराबाहेर तलावाकाठी जमीन घेऊन. घर साधंच बांधलं. लॉन मात्र असं केलं की रस्त्यावरून जाणारा सायकल थांबवून पाही. कडेला चुना-गेरूच्या विटा, रोज सकाळी गवत कापायचं मशीन आणि पावसाची चिन्हं दिसली की पांढऱ्या गोणीतला युरिया. परवाच त्यांनी मूठमूठ करून तो सगळीकडे शिंपला होता.

"आज फार वेळ लागला," त्या वर आल्यावर ते म्हणाले.

"मासे मेलेत."

"पावसानं पाणी ढवळलं असेल. होतं तसं."

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. आज आषाढी एकादशी होती, वाद घालायचा दिवस नव्हता.

*

दुपारपर्यंत वास स्वयंपाकघरात आला.

शालन खिडकी लावून घेत होती. जयंताच्या, म्हणजे या घरच्या एकुलत्या एका मुलाच्या, बायकोला आजचा दिवस लवकर संपावा असं वाटत होतं आणि संपूच नये असंही. रात्री जयंतानं सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी सगळे बसले की मी बोलणार. तिलक नगरात बँकेतल्या मित्राच्या घराचा वरचा मजला रिकामा झालाय. श्रावण लागायच्या आत आपण तिघं तिकडे. ताराला जूनमध्ये हिवताप आला होता, डास या पाण्यातूनच येत होते, आता हा वास. शालनला त्याचं म्हणणं पटलं होतं. फक्त आईंच्या तोंडाकडे बघून भगर ढवळताना ते पटेनासं होई.

"आई, मोरधन संपलं. सॉरी, वरी."

"मोरधनच म्हण गं. इथल्या वाण्याला वरी मागितली की तो नुसता तोंडाकडे बघतो," म्हणत यमुनाआत्या आत आल्या. सदाशिवरावांची धाकटी बहीण, मिरजेच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेली, दर वर्षी पावसाळ्यात महिनाभर भावाकडे येणारी. त्यांच्या हातात काचेचा पेला होता आणि पेल्यात तलावाचं पाणी. मुगाच्या कढणासारखं हिरवं. त्यांच्यामागून परकराचा काठ चिखलात भिजवून आलेली छोटी तारा.

"आजी, देख ना! आत्याआजी म्हणते हे पानी नाही, शेवाळ आहे. मतलब झाडं आहेत. छोटी-छोटी!"

"अगं, ते स्वयंपाकघरात कशाला आणलंत?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "उपासाचं चाललंय."

"वहिनी, दोन मिनिटं बघा. मग फेकते." यमुनाआत्यांनी पेला उजेडात धरला. "दादा लॉनला युरिया घालतो. गवत खाऊन खाऊन किती खाईल? उरलेला पावसाबरोबर उतारावरून पाण्यात. वर हा कापलेलं गवतही काठावरच लोटतो. तलावाला मेजवानी! मग हे शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. पहाटे मासे गुदमरतात. यात पावसाचा काही दोष नाही."

"पण आत्या," शालन म्हणाली, "एका लॉननं एवढा तलाव?"

"एक कुठे राहिलंय? समोरच्या खन्नांनी केलं, कोपऱ्यावरच्या वकिलांनी केलं. मेजरसाहेबांसारखं लॉन हवं सगळ्यांना. पूर्वी काठाला कास होता, मोथा होता, पाणकणीस होतं. डोंगरावरून येणारी सगळी घाण ते अडवून धरायचे. दादानं तेच पहिल्यांदा उपटलं."

"हे सगळं सोडलं तर पाणी सुधारेल?" शालननं विचारलं.

"सुधारेल की. पाणी फार शहाणं असतं. युरिया बंद, कापलेलं गवत खड्ड्यात, आणि काठाला चांगला रुंद पट्टा न कापता सोडायचा. वाढू दे काय वाढायचं ते. त्याला वेळ मात्र द्यायला हवा."

रत्नप्रभाबाईंनी पेला हातात घेतला. तळाशी काहीतरी पिवळं बसलं होतं. त्यांनी ओळखलं. कण्हेरीची पाकळी.

"आणि हे?" त्यांनी विचारलं.

यमुनाआत्या पहिल्यांदाच अडखळल्या. "तेही त्यातच आलं, वहिनी. फुलं, पानं, दूध, पंचामृत. कुजतं ते सगळं सारखंच. कृष्णा वाहती होती. हे थांबलेलं पाणी. याला पुढे कुठे जाताच येत नाही."

शालन सासूबाईंकडे बघत राहिली. त्या रागावल्या नाहीत. पेला घेऊन मागच्या दारी गेल्या आणि पारिजातकाच्या बुंध्याशी त्यांनी तो अलगद रिता केला. बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या, जणू झाडाला काही विचारत होत्या.

*

या घरात चातुर्मासाचा एक वेगळा रिवाज होता. देव झोपी जाण्याआधी प्रत्येकानं चार महिन्यांसाठी काहीतरी सोडायचं, हे सगळीकडचंच. पण इथे काय सोडायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं नाही. उजव्या हाताला बसलेल्या माणसानं ते मागायचं, आणि मागितलेलं नाकारायचं नाही. सदाशिवरावांच्या आई, थोरल्या तारामतीबाई, म्हणत, स्वतः निवडायला दिलं की माणूस कारलंच सोडतो. त्यांच्या माघारीही रिवाज चालू राहिला होता. मेजरसाहेबांच्या उजव्या हाताला नेहमी रत्नप्रभाबाई बसत. दर वर्षी त्या सिगरेट मागत, आणि तुळशीच्या लग्नानंतर मेजरसाहेब दर वर्षी ती पुन्हा सुरू करत.

आज संध्याकाळी आरती झाली, देवासमोर सतरंजीवर सगळे गोल बसले, आणि सदाशिवरावांना दिसलं की त्यांच्या उजव्या हाताला जयंता येऊन बसलाय.

"अरे, ती वहिनीची जागा," यमुना म्हणाली.

"या वर्षी आप्पांकडे मला मागायचंय."

"काय मागणार?"

"वेळ आली की सांगतो."

मुलाची हनुवटी आपल्यासारखी पुढे आलेली सदाशिवरावांना दिसली आणि काय येणार ते कळलं. आम्ही चाललो, अडवू नका. नाकारता येणार नाही अशा रीतीनं. हुशार आहे पोरगा. खिडकीबाहेर लॉन संध्याकाळच्या उजेडात पाण्याखाली असल्यासारखं हिरवं दिसत होतं.

रत्नप्रभाबाई निरांजनाचं तबक घेऊन तशाच उभ्या होत्या. माझी जागा दे म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"उठा," शालन म्हणाली.

जयंतानं चमकून पाहिलं. "काय?"

"उठा म्हटलं. आईंची जागा आहे ती. बोलायचं असेल तर साधं बोला ना. देवापुढे आप्पांना कोंडीत कशाला पकडता?"

"अगं, रात्री तूच तर—"

"रात्रीचं रात्री."

यमुनाआत्या छताकडे बघून म्हणाल्या, "बाई गं, पाऊस येणार आज."

जयंता उठला. कान लाल झाले होते त्याचे. आई आपल्या जागी बसली, तो तिच्या पलीकडे बसला आणि तारा धावत येऊन त्याच्या उजव्या हाताला चिकटली.

मागणं सुरू झालं. यमुनाआत्यांनी शालनकडून चहा मागितला. "चहा?" शालन किंचाळली, "आत्या, काहीही मागा, माझे दागिने मागा!" सगळे हसले, पण नाकारता येत नव्हतं. शालननं ताराकडून संत्र्याच्या गोळ्या मागितल्या. ताराचा चेहरा पडला. मग ती वडिलांकडे वळली आणि डोळे घट्ट मिटून एका दमात म्हणाली, "पापा, ते वरचं घर सोडा. तिलक नगरवालं. तिथे मोर नाही येत."

कुणीच हसलं नाही.

"हिला कुणी शिकवलं?" जयंता म्हणाला.

"कुणी नाही. मी ऐकते ना सब."

"तारा, तुला ताप आला होता, आठवतं? या पाण्यामुळे—"

"नाही म्हणायचं नसतं. थोरल्या आजीचा रूल आहे."

जयंतानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "चार महिने," तो शेवटी म्हणाला. "कार्तिकी एकादशीपर्यंत. तोवर पाणी असंच राहिलं तर मी कुणाचंही ऐकणार नाही. तुझंही नाही, तारू." मग तो आईकडे वळला. आवाज खरखरीत झाला होता. "आता माझी पाळी. आई, तू—"

"जयंता," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "बाळ, मला माझं निर्माल्य माग."

"काय?"

"निर्माल्य पाण्यात सोडायचं सोड, असं म्हण. माझ्या सासूबाई पाण्यातच सोडायच्या, माझी आई पाण्यातच सोडायची, माझे हात आपोआप वळतात. आज मेलेला मासा दिसला तरी वळले. कुणी मागितल्याशिवाय माझ्यानं ते सुटायचं नाही."

"आणि मग कुठे टाकणार?"

"पारिजातकाच्या मुळाशी. तिथे खड्डा करू. मातीही देवाचीच आहे."

सदाशिवरावांनी बायकोकडे पाहिलं. रोज पहाटे ओट्यावर बसून ते तिला उतरताना बघत. पाठमोरी, ओल्या केसांची, परडी कमरेशी धरलेली. त्या एका दृश्यासाठी त्यांचा दिवस सुरू होई. हे तिला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. फौजेत असल्या गोष्टी सांगायला शिकवत नाहीत.

"सोड, आई," जयंता हळू म्हणाला. "निर्माल्य पाण्यात सोडणं सोड."

"सोडलं."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. निरांजनाची ज्योत त्यांच्या चष्म्यात हलत होती. "आता मी मागते हं. यंदा सिगरेट नको मला. तुमचा युरिया द्या. आणि पायरीपासून वर जांभळाच्या झाडापर्यंतचा काठ. तेवढ्यात मशीन फिरवायचं नाही."

"जांभळापर्यंत?" सदाशिवराव उसळले. "म्हणजे अर्धं लॉन! जंगल होईल तिथे!"

"होऊ दे."

"आणि खन्ना काय म्हणेल?"

"दादा, तो तुझं बघून लॉन शिकला," यमुना म्हणाली. "आता जंगलही शिकेल."

"तू गप्प बस, यमू. रत्ना, तुला काही आठवतं का? इथे राहायला आलो तेव्हा तो काठ कसा होता?"

"आठवतं की. कास होता. टिटवीची अंडी होती."

"आणि गोखरू होतं!" त्यांचा आवाज एकदम फुटला. "गोखरू! ओल्या पायांनी अनवाणी जायचीस तू, आणि रोज पायात काटे घेऊन वर यायचीस. चप्पल घाल म्हटलं तर म्हणे देवाच्या वाटेवर चप्पल नको. ओट्यावर बसून सुईनं काटे काढायचीस आणि मला म्हणायचीस, काही नाही हो, सवय होईल. एका रविवारी मी तो सगळा काठ खणून काढला. लॉन काय हौसेनं लावलं मी? तुझ्या पायांसाठी लावलं."

रत्नप्रभाबाईंनी तबक खाली ठेवलं. इतकी वर्षं त्या त्या हिरवळीवरून चालल्या होत्या, आणि मनात कधी कधी म्हणाल्याही होत्या की यांना माणसांपेक्षा गवताचं वेड.

"कधी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

"विचारलं नाहीस."

"माझं एक ऐकाल? तुमचं गवत एवढं, पण मी गणपतीच्या दूर्वा मोती डुंगरीच्या देवळाबाहेरून विकत आणते. का ते ठाऊक आहे?"

"दूर्वा? विकत?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. "आपल्या लॉनमध्ये दुसरं आहे काय? सगळी हरळीच तर आहे!"

"आहे हो. पण तुमचं मशीन तिला वर येऊच देत नाही. तीन पानांचा कोंब फुटायच्या आत कापलेली. शोधून शोधून थकले मी." त्या हसल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. "काठ वाढू द्या. काटे येतील ते माझ्या पायाला ओळखतील. मला दूर्वा मिळतील, पाण्याला श्वास मिळेल. आणि पोरं," त्यांनी जयंताकडे बघितलं नाही, "पोरं इथे राहतील."

सदाशिवरावांनी बाहेर पाहिलं. अंधार होत आला होता, आता लॉन आणि पाणी वेगळं ओळखू येत नव्हतं. नाही म्हणायचं नसतं, आईचा रिवाज. पण रिवाजामुळे नव्हे.

"दिला," ते म्हणाले. मग घसा साफ करून डाव्या हाताला बहिणीकडे वळले. "यमू. तुझ्याकडून मी काय मागू सांगू?"

"माग."

"चार महिने तू कुणालाही काही शिकवायचं नाहीस."

"दादा, त्यापेक्षा अन्न माग रे!" यमुनाआत्या कळवळल्या, आणि अखेर जयंताही हसला.

*

द्वादशीच्या पहाटे पारण्याचा स्वयंपाक चढवण्याआधी रत्नप्रभाबाई परडी घेऊन मागच्या दारी गेल्या. पारिजातकाच्या मुळाशी जयंतानं खणून ठेवलेल्या खड्ड्यात त्यांनी निर्माल्य ठेवलं, वर मूठभर माती लोटली. हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांनी आता पाण्याकडे जायचं की नाही ते कळेना. मग त्या गेल्याच. रिकाम्या हातांनीही नमस्कार करता येतो.

पांढरी गोणी ओट्यावरून गेली होती. गवत कापायचं मशीन भिंतीला उभं होतं, वर ताडपत्री टाकलेली. आणि हिरवळीच्या खालच्या अंगाला, धुक्यात, मेजरसाहेब चालत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हात मागे बांधलेले, पाय अनवाणी. पांढरे, कधी ऊन न लागलेले, बुटात आयुष्य गेलेले पाय. जांभळापासून पायरीपर्यंत, पुन्हा पायरीपासून जांभळापर्यंत. प्रत्येक पाऊल दाबून टेकत, क्षणभर थांबत, मग पुढचं.

"अहो, हे काय चाललंय?"

"वाट बघतोय कुठली ठेवायची." त्यांनी मान वर केली नाही. "इथून तू जायचीस. तर आधी मी जाणार. रोज."

"आज कुठे काटे असणार? अजून तर काही उगवलंही नाही."

"विटांच्या कडेला असतात. मला माहीत आ—" ते थांबले. एका पायावर उभे राहून त्यांनी दुसरा पाय उचलला, तोल सांभाळला आणि चेहरा वाकडा केला.

त्यांना हाताला धरून रत्नप्रभाबाई पायरीपर्यंत घेऊन आल्या. दोघं पाण्याकडे तोंड करून बसले. पाणी अजून हिरवंच होतं, वासही होता. छत्रीवरचा पाणकावळा जागचा हलला नव्हता. त्यांनी नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला, तळव्यावरची माती पदरानं पुसली आणि मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली.

"दुखतंय?"

"काही नाही गं," मेजरसाहेब डोळे मिटून म्हणाले. "सवय होईल."